किप्पूरची आदली दुपार

फोन वाजला तेव्हा तिचा पाय शिलाई मशीनच्या पायडलवर होता. मोबाईल टेबलाच्या कडेला कात्री आणि रिळांच्या मध्ये पडला होता. वाजता वाजता तो थरथरत कात्रीला जाऊन टेकला आणि कात्रीही किणकिणायला लागली. पडद्यावर भावजयीचं नाव आलं होतं. चष्मा डोक्यावर होता, तरी तिने ते वाचलं. जे वाचायचं नसतं ते बिनचष्म्याचं दिसतं. एरवी याच पडद्यावरचा निरोप वाचायला ती हात लांब करकरून डोळे बारीक करायची. तिने पायडल दाबलं. मशीन धावायला लागलं, शिवण तिरकी गेली, तरी तिने पाय काढला नाही. वाजायचं थांबलं तेव्हा पाय उचलला. पलीकडच्या खोलीत नळ टपकत होता, तो ऐकू आला. मग फोन पुन्हा वाजला. या वेळी तर कापडाची कड संपली होती, सुई नुसतीच खाली-वर करत होती, पण मशीन चालू होतं आणि मशीन चालू असताना फोन ऐकू येत नाही हे कुणालाही पटलं असतं. दुसऱ्यांदा थांबल्यावर तिने फोन उचलला, पालथा घातला, आणि थोड्या वेळाने बंदच करून टाकला. संध्याकाळी किप्पूर लागणार होता. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा तो उपवासाचा दिवस. सूर्य मावळला की फोन, दिवा, काडीपेटी, कशालाच हात लावायचा नसतो. तिने काही तास आधीच हात काढला इतकंच. एवढी धार्मिक ती कधीच नव्हती.

भावजय फोन करत नसे, लिहीत असे. भावाला दवाखान्यात ठेवल्यापासून रोज सकाळी तिच्या दोन ओळी यायच्या. त्या सकाळच्या ओळी अशा होत्या की ऑक्सिजन आणखी वाढवलाय, डॉक्टर म्हणतात आजचा दिवस बघू. अशा दिवशी दुपारी फोन, तोही लागोपाठ दोनदा, म्हणजे दुसरं काय असणार? आणि ते दुसरं काय, ते तिच्या कानावर पडलं की ती त्या क्षणापासून सुतकी होणार होती. त्यांच्या ज्यू लोकांत तसंच आहे. माणूस कधी गेला याला महत्त्व नाही, तुम्हाला कधी कळलं त्याला आहे. कळलं की गळ्याशी कपडा फाडायचा आणि सात दिवस जमिनीवर बसायचं. गाणं नाही, नाच नाही, लग्नाच्या मांडवात मिरवणं तर नाहीच. नाही कळलं, तर नाही कळलं. आणि आनंदाचं कार्य तोंडावर असेल तर घरच्यांनी मुद्दाम सांगायला जाऊ नये, हेही सांगितलेलं आहे. लेकीचं लग्न किप्पूरनंतर तीन दिवसांनी होतं.

हे तिला पोथ्यापुराणं वाचून ठाऊक नव्हतं, आत्यावरून ठाऊक होतं. आजी गेली तेव्हा आत्या पोटुशी होती, दिवस भरत आले होते, म्हणून तिला सांगायचं नाही असं ठरलं. आत्या मधूनमधून यायची, गावाकडच्या आईला बरं आहे ना, औषधं घेते ना, विचारायची, आणि वडील म्हणायचे, बरी आहे, झोपते खूप. ही आणि धाकटा भाऊ दोघं टेबलाखाली एकमेकांच्या पायावर पाय देऊन बसायची. भावाला हसायला यायचं. दुःखाचं हसू होतं ते, पण हसूच. त्याला उचकी लागल्यासारखं व्हायचं आणि आत्या म्हणायची, पाणी द्या रे त्याला. बाळंतपण पार पडून महिना उलटल्यावर आत्याला सांगितलं. इतक्या उशिरा कळलं की सात दिवस बसावं लागत नाही. आत्याने चपला काढल्या, घटकाभर जमिनीवर बसली, उठली, चपला घातल्या आणि चहाचं आधण ठेवलं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून भाऊ हिच्या कानात म्हणाला होता, “एवढंच?” त्या वेळी दोघांनाही ती फसवणूक वाटली होती, पण कुणी कुणाची केली ते कळत नव्हतं.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्याने साथीत लग्न करून पाहिलं नसावं. पहिली तारीख वसंतातली होती, पेसाहच्या सणाआधीची. पत्रिका छापून आल्या आणि त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. सरकार जरा मोकळीक द्यायचं तेव्हा सणवार बांधून ठेवायचे: पेसाहनंतरचे काही आठवडे लग्नं लावत नाहीत, मग भर उन्हाळ्यातले तीन आठवडे शोकाचे. आणि सणवार मोकळे असायचे तेव्हा सरकार कडी लावायचं. दुसरी तारीखही अशीच गेली. जावई जहाजावर इंजिनिअर. त्याचं जहाज बंदरातून हलत नव्हतं तोवर ठीक होतं, आता हलणार होतं. सण संपताच त्याने हजर व्हायचं, मग वर्षभर पाणीच पाणी. राहता राहिले किप्पूर आणि मांडवांचा सण यांच्या मधले चार दिवस. तेवढ्या फटीत हे लग्न बसवायचं होतं. लेकीने एकदाच सांगून ठेवलं होतं, आई, तू नसशील तर मी नाही उभी राहणार. हे ती रागाने बोलली नव्हती, केस विंचरता विंचरता बोलली होती, म्हणून ते हिच्या मनात रुतून बसलं. फोन घेतला असता तर लग्न मोडलं असतं. हे हिशेबाने बरोबर होतं. हिशेब बरोबर असूनही तिला स्वतःची शिसारी का येत होती, ते तिला समजत नव्हतं. म्हणजे समजत होतं.

मशीनवर होतं ते कापड म्हणजे वडिलांची प्रार्थनेची शाल. नवरा-नवरी ज्या छताखाली उभी राहतात, चार काठ्यांवर धरलेल्या हुप्प्याखाली, तो या शालीचा करायचा, ही भावाची कल्पना. मुलगा म्हणून शाल त्याच्याकडे होती. चारी कोपऱ्यांना काठी अडकवायला नाड्या शिवायच्या, एवढंच काम. खरं तर तो स्वतःच शाल घेऊन यायचा होता. दिवसभर गाडी चालवून येईन, हॉटेलात उतरेन, म्हणाला होता. तिने त्याला माणसांचा आकडा ऐकवला: इतक्यांनाच परवानगी, त्यात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष सिनेगॉगवाले ठरवणार, त्यात जावयाचे आजोबा, आणि तू तर बारा महिने खोकतोस. ते त्याचं धुळीचं खोकणं होतं, लहानपणापासूनचं, तिच्याइतकं ते कुणाला माहीत नव्हतं. तरी ती तसं बोलली. तो म्हणाला, मला मोजू नका, मी बाहेर फुटपाथवर उभा राहीन. ती म्हणाली, हट्ट करू नकोस, स्क्रीनवर ये. तो म्हणाला, “स्क्रीनवरचा मामा. वा. मग तुझं तूच लाव लग्न,” आणि त्याने फोन ठेवला. शाल कुरिअरने आली. पुडकं तिने चार दिवस बाल्कनीत उन्हात ठेवलं, वरून जंतुनाशक फवारलं, हातमोजे घालून उघडलं. आत शालीच्या घडीत त्याने काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. फवारा आतपर्यंत झिरपला होता आणि एका कोपऱ्याला फिकट डाग पडला होता. किप्पूरआधी दहा दिवस येणाऱ्या नवीन वर्षाच्या सणानंतर त्याला ताप आला, त्याच्याच गावात, त्याच्याच घरात. तिचं ऐकून तो घरी राहिला होता आणि तरीही साथीने त्याला गाठलं, या विचाराने प्रथम तिला जी भावना झाली ती हायसं वाटल्याची होती: इथे आला असता तर आपल्याकडे आणलं असतं. ती भावना पुरती वर येण्याआधीच तिने दाबली, पण येऊन तर गेलीच होती.

लोक गमतीने म्हणायचे, नवरा डोळ्यांचा आणि बायको कानांची, तुमच्या घरात काही लपून राहत नसेल. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. ती कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायची. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकसा सूर ऐकू आला की दाबायचं. नाही दाबलं की ती आवाज एक पायरी वाढवायची. टाळेबंदीनंतर दवाखाना उघडला तेव्हा गर्दी उसळली होती. अर्धं जग इतकी वर्षं दुसऱ्याच्या ओठांकडे बघून ऐकत होतं, तोंडावर मास्क आला आणि बहिरेपण उघडं पडलं. तिला खरा बहिरा आणि खोटा बहिरा लगेच कळायचा. खोट्याचा श्वास सुराबरोबर थांबतो. आणि हाक मारली की खरा बहिरा “काय?” झटकन म्हणतो, पुढे वाकून, जन्मभराची सवय असते ती. खोट्याला आधी ऐकू येतं, मग तो ठरवतो, मग म्हणतो. तेवढा वेळ लागतोच. एक गृहस्थ होते, बायको त्यांना ओढत घेऊन आलेली, की यांना माझं काही ऐकू येत नाही. तपासलं तर कान ठणठणीत. बायको बाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, बाई, कागदावर थोडं कमी लिहाल का? ती खूप हसली होती. घरी येऊन फोनवर भावाला सांगितलं तर तो तिच्याहून जास्त हसला, खोकला येईपर्यंत. आता मशीनसमोर बसून तिला आठवलं की फोन वाजताना तिचाही श्वास थांबला होता. बघायला कुणी नव्हतं एवढंच.

संध्याकाळी नवरा सिनेगॉगच्या अंगणात खुर्च्या लांब लांब मांडून घामाघूम होऊन आला, घाईघाईने जेवला, आणि पाण्याचा शेवटचा घोट घेताना खिसे चाचपत म्हणाला, दुकानातच राहिला वाटतं फोन, असो, आता काय करायचाय. तिला इतकं सुटल्यासारखं झालं की तिने त्याला आणखी एक पेला पाणी दिलं. रात्र आणि दुसरा अख्खा दिवस कुणी कुणाला काही कळवू शकणार नव्हतं. अंगणात खुर्च्यांवर सगळे पांढऱ्या कपड्यांत, तोंडं झाकलेली. छातीवर मूठ मारत अपराध म्हणायचे असतात, एकामागून एक, आणि सगळे आम्ही-आम्ही करत: आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. मी केलं असं कुणी म्हणत नाही. इतकी वर्षं तिला ते मोठ्या मनाचं वाटत आलं होतं. यंदा वाटलं, बरी सोय आहे. या सगळ्यांच्या आम्हीत माझं एक खपून जाईल. पण प्रार्थना चालवणारे हझान दर वर्षी सांगत आणि यंदाही मास्कमधून त्यांनी सांगितलं, की देवाचे अपराध देव माफ करतो, माणसाचे करत नाही; ते त्या माणसाकडेच जाऊन मागावे लागतात. म्हणून तर आदल्या दिवशी सगळे एकमेकांना फोन करतात, चुकलंमाकलं माफ कर म्हणतात. भावाचा फोन न चुकता यायचा. “ताई, वर्षभरात तुझं काय काय वाईट केलं ते माझ्या लक्षात नाही. तूच आठव आणि तूच माफ कर, मला कामं आहेत.” ती म्हणायची, केलं. मग तो विचारायचा, आणि तुझं? ती म्हणायची, मी काय केलंय? मोठी बहीण होती, तिने कधी आपणहून फोन केला नव्हता, कधी मागितली नव्हती. यंदा त्याचा फोन यायचा राहिला, असं तिच्या मनात आलं आणि मास्क ओला झाला. शेजारच्या बाईने तिच्याकडे आदराने पाहिलं. उपवासाने डोळे भरून येणारी बाई म्हणून.

दिवस मावळताना शोफार वाजवतात, मेंढ्याचं पोकळ शिंग. भाऊ ते वाजवायचा. चौदाव्या वर्षापासून, आधी या सिनेगॉगमध्ये आणि मग नोकरीच्या गावी. त्यापायी घरात त्याचं नाव भोंगा पडलं होतं. खोकणारा हा मुलगा शिंग तोंडाला लावलं की खोकायचा नाही. सगळ्यात लांब सूर तो अशा दमाने खेचायचा की बायका वरच्या मजल्यावरून कठड्याला टेकून बघायच्या. यंदा शिंगाच्या तोंडाला पांढरं फडकं रबरबँडने बांधलं होतं, श्वास उडू नये म्हणून. कुणा नवशिक्याने वाजवलं. सूर मध्येच फाटला, पुन्हा धरला, पुन्हा फाटला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि दोघांच्याही मनात एकच माणूस होता. फरक इतकाच की नवऱ्याच्या मनात तो जिवंत होता. तिने त्याला कालच मारून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा फोन आणायला दुकानात गेला. परतला तेव्हा तो दारातच बराच वेळ चपला काढत होता. तिने स्वयंपाकघरातून एकदाच पाहिलं आणि तिला कळलं की त्याला कळलं. तोंड धुऊन आला होता, मास्कची कड ओली होती. तिने विचारलं, एवढा वेळ? तो म्हणाला, गिऱ्हाईक आलं. मग सहज काहीतरी सुचल्यासारखं, लांबून वळण घेत म्हणाला, तुझा फोन दे ना, लग्नाच्या फोटोंना जागा नाही राहिलेली, जुनं साफ करून देतो. तिने बंद असलेला फोन त्याच्या हातात दिला. देताना त्याच्या डोळ्यांना डोळा दिला नाही, आणि त्यानेही दिला नाही, आणि ते एकमेकांचं वागणं दोघांनाही सोयीचं पडलं. त्या दिवशी त्याने तिला खोटं बोलून सांभाळलं आणि तिने त्याला सांभाळू दिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. त्याला धड खोटं बोलता येत नाही हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे एकाच घरात दोन मुठी झाकलेल्या होत्या आणि दोन्हींत एकच वस्तू होती.

मग सगळं घर तिच्याशी हळू बोलायला लागलं. लेक उगाच येऊन पाठीला बिलगून गेली, आणि डोळ्यांतलं काजळ पुसून परत आली. विहीणबाईंनी निरोप पाठवला की तुम्ही काही करू नका, जेवणाचे डबे आम्ही बघतो. हझान अंगण बघायला आले तेव्हा नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन काही बोलले आणि तिच्याकडे न बघता तिला म्हणाले, बाई, आनंदाचं काम आहे, आनंदाने करा. सगळ्यांना कळलं होतं, फक्त तिला कळलेलं नव्हतं. आणि तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ती नाड्या शिवत बसली. तिरकी गेलेली शिवण उसवून पुन्हा घातली. मधूनच वाटायचं, ओरडून सांगावं, मला माहीत आहे, आवरा ही नाटकं. पण मग जमिनीवर बसणं आलं. मग लेक. मग जहाज. ती टाका घालत राहिली. चोराच्या मनात चांदणं असतं. तिच्या मनात इतका लख्ख उजेड पडला होता की झोपताना डोळ्यांवर हात घ्यावा लागायचा.

लग्न सिनेगॉगच्या अंगणात दुपारी लागलं. चार काठ्या चौघांनी हात लांब करून धरल्या होत्या. वडिलांच्या शालीत वारा भरला आणि डागाचा कोपरा नेमका तिच्या बाजूला आला. समोर स्टुलावर लॅपटॉप, त्यात खिडक्या खिडक्यांतून नातेवाईक, कुणाचं नुसतं कपाळ, कुणाचा पंखा. एक चौकोन काळा होता, खाली भावाचं नाव. कुणीतरी पूर्वीच्या यादीतून तसंच जोडून ठेवलं असावं. नवरा तिच्या कानाशी म्हणाला, तिकडे नेटवर्कचा त्रास आहे. ती म्हणाली, हो का. लेक नवऱ्या मुलाभोवती फेरे घेताना हसत होती, मास्क लावायला विसरली होती, आणि कुणी तिला आठवण करून दिली नाही. अंगठी घातली, प्याला ओठांना लागला, शेवटी जावयाने रुमालात गुंडाळलेला काचेचा पेला पायाखाली फोडला. भर आनंदात देवाच्या मोडलेल्या मंदिराची आठवण ठेवायची म्हणून फोडतात. सगळे ओरडले. ती काच फुटल्याचा आवाज तिने नीट ऐकला: आधी दबका, मग रुमालाच्या आत बारीक बारीक. मग लेकीने आपल्या हातरुमालाचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं, आणि दोघी नाचल्या. नाचायचं म्हणून ती नाचायला लागली होती. लोक कौतुकाने आणि दयेने बघत होते. ती आणखी जोरात नाचली. आणि मग, कुठल्या गिरकीला कुणास ठाऊक, ती खरोखर सुखात होती. लेकीचा घामेजला चेहरा, उडालेली धूळ, वरचं आभाळ, सगळं तिचं होतं, भाऊ नव्हताच, कधीच नव्हता. हे संपूर्ण गाणंभर टिकलं. थांबल्यावर पाणी पिताना तिला ते कळलं आणि तिने पेला तसाच खाली ठेवला. बाकी सगळ्याला कारण होतं. याला नव्हतं.

मांडवांच्या सणाची तयारी दुसऱ्या दिवशीची. या सणात आठवडाभर उघड्यावर, फांद्यांनी शाकारलेल्या झोपडीत जेवायचं असतं. छप्पर असं की आतून चांदण्या दिसाव्यात. नवऱ्याने इमारतीच्या गच्चीवर बांबू आणि चादरी बांधून ती उभी केली होती. लेक-जावई रात्री जेवायला येणार होते. दुपार उतरताना तो खाली येऊन म्हणाला, वर ये जरा, फांद्या धरायला. आणि जुनं काहीतरी घाल, चीक लागेल. तिने जुना ब्लाउज घातला. फाडायला बरा म्हणून. त्याने हिशेब कसा मांडलाय तेही तिने ओळखलं होतं: सण लागला की सुतक संपतं, सात दिवस बसलेलं असो की घटकाभर. सूर्य मावळायच्या थोडं आधी सांगितलं की तिला थोडकंच बसावं लागेल, आत्यासारखं. किती काळजीपूर्वक त्याने ती घटका निवडली असेल. जिन्यावरून चढताना ती चेहऱ्याची तयारी करत होती. लवकर रडायचं नाही. त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. खोटे बहिरे उशीर करतात म्हणून पकडले जातात; आपण घाई केली तर पकडले जाऊ.

त्याने तिला बांबूपाशी थांबवलं. “तुझा भाऊ गेला गं,” तो म्हणाला.

तयारी काही कामी आली नाही. ते शब्द कानावर पडले तेव्हा खरंच पहिल्यांदाच पडले. त्याने तिच्या दोऱ्याच्या छोट्या कात्रीने गळ्याशी चीर दिली, पुढचं तिने स्वतः फाडलं. चपला काढून ती गच्चीच्या गरम फरशीवर बसली. तो समोर उकिडवा बसला. मध्ये काहीतरी विचारायचं असतं म्हणून तिने विचारलं, कधी.

“उपवास सुटला त्या रात्री.”

तिने मान वर केली. त्याला वाटलं, आपण लपवलं म्हणून ती रागावली. तो घाईघाईने सांगायला लागला, की हझान म्हणाले सांगू नका, लेकीचा विचार कर, मी फोन काढून घेतला, माफ कर मला. ती म्हणाली, त्या रात्री? आदल्या दुपारी नाही? तो म्हणाला, नाही, आदल्या दुपारी तर शुद्धीवर होता. नळी घालणार होते, त्याआधी नर्सने घरी फोन लावून दिला होता. “त्याला तुझ्याशी बोलायचं होतं. दर वर्षीचं ते. तुझ्या भावजयीने तुला जोडायचा प्रयत्न केला, दोनदा. मग मला केला, तर माझा दुकानात.” त्याने फरशीवरची एक फांदी बाजूला सारली. “शेवटी तिने त्याला सांगितलं, ताईचा निरोप आलाय, माफ केलं म्हणते. खोटंच. पण तो झोपला म्हणे शांत.”

गच्चीच्या टाकीवर एक कावळा पाणी पिऊन उडाला. खाली कुणीतरी गाडी लावत होतं, मागे, मागे, आणखी मागे, बस. तिच्या डोक्यात फक्त एक गोष्ट फिरत होती, की तो फोनवर होता. कात्री किणकिणत होती तेव्हा तो पलीकडे होता, ऑक्सिजनच्या मास्कमधून वाट बघत, आणि तिने पायडल दाबलं होतं. त्याने पूर्ण घंटा ऐकली असेल. एकदा, आणि पुन्हा एकदा. भावजयीला त्याने विचारलं असेल, उचलत नाही? आणि ती म्हणाली असेल, लग्नाची गडबड आहे. आणि त्याच्या मनात आलं असेल की अजून राग गेला नाही ताईचा, स्क्रीनवरच्या मामाचा. मेलेल्या माणसाचा फोन समजून तिने जिवंत माणसाला वाजू दिलं. तिला रडू येत नव्हतं. लाज वाटत होती, अंगभर, ताप चढल्यासारखी, आणि ही लाज सांगायला ज्याच्याकडे जायचं तो एकच माणूस होता.

नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. “मी बघितले ते मिस्ड कॉल. तू मशीनवर होतीस,” तो म्हणाला. “मशीनच्या आवाजात कुठलं ऐकू येणार. मनाला लावून घेऊ नकोस.” हे तो तिला सांगत नव्हता, तिच्यापुढे ठेवत होता. घे म्हणून.

ऊन गच्चीच्या कठड्यावरून निघून गेलं. फांद्यांची सावली फरशीवर पुसट होत होत नाहीशी झाली. खालून लेकीच्या हसण्याचा आवाज जिन्यात आला, जावई काहीतरी जड उचलून आणत होता आणि ती त्याला चिडवत होती. नवऱ्याने आभाळाकडे पाहिलं, तिच्या चपला तिच्याजवळ सरकवल्या आणि हात पुढे केला. “ऊठ,” तो म्हणाला, “सण लागला. झालं तुझं.” एवढंच, असं कुणीतरी तिच्या कानाशी म्हणालं, लहान मुलाच्या आवाजात. तिने हात धरला नाही.

“मला ऐकू आला होता फोन,” ती म्हणाली.

तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याचा श्वास थांबला. त्याने झोपडीच्या चादरीकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, गाठ उगाच ओढून घट्ट केली.

“काय?” त्याने मग विचारलं.

जिन्यातली पावलं शेवटच्या वळणावर आली होती. तिने आवाज एक पायरी वाढवला आणि पुन्हा सांगितलं.